आकडे सगळेच वाचतात, फुल्या वाचा

नमस्कार मंडळी. समोर भजन मंडळातले काकालोक बसले आहेत, मागे पोट्टे गिटार घेऊन उभे आहेत, आणि विषय ठेवलाय फंक मेटलची गाणी टॅबच्या, म्हणजे आकड्यांच्या नोटेशनच्या, पुस्तकातून गिटार-बेसवर कशी शिकायची. काकालोकांना वाटत असेल हे तर पोट्ट्यांचं काम, आपलं इथे काय. तसं नाही जी. मला आज जे सांगायचंय त्यातलं अर्धं तुमच्याच हातात आहे आणि या पोट्ट्यांना ते तुमच्याकडूनच मिळू शकतं, म्हणून उठू नका, बसा.

आधी हे संगीत काय ते थोडक्यात. अमेरिकेत साठच्या दशकात जेम्स ब्राऊनने फंक उभं केलं. त्यात सुरांची गर्दी कमी, ठेका जास्त, अख्खा बँड एकमेकांत गुंतलेला आणि पहिल्या मात्रेवर सगळ्यांचं वजन, आपण समेवर येतो तसं. मग ऐंशीच्या दशकात काही बँडनी त्या ठेक्यावर मेटलची जाड, डिस्टॉर्शनवाली, म्हणजे मुद्दाम फाटलेल्या आवाजाची, गिटार चढवली. लॉस एंजेलिसचे रेड हॉट चिली पेपर्स १९८३ ला सुरू झाले, सॅन फ्रान्सिस्कोकडचे फेथ नो मोअर आणि प्रायमस, न्यूयॉर्कचे लिव्हिंग कलर ज्यांचा पहिला अल्बम १९८८ चा, आणि १९९२ ला रेज अगेन्स्ट द मशीनचा पहिला अल्बम आला. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे, बेस, म्हणजे चार जाड तारांची खालच्या सुरांची गिटार, मागे उभा राहून फक्त साथ देत नाही, तो पुढे येऊन बोलतो. म्हणून गिटार शिकणाऱ्यालाही बेस समजून घ्यावाच लागतो, त्याच्याशिवाय हे गाणं हातात येत नाही.

आता टॅब. गिटारच्या सहा तारा म्हणून सहा रेघा, बेसच्या चार म्हणून चार रेघा. सगळ्यात खालची रेघ म्हणजे सगळ्यात जाड तार, रेघेवरचा आकडा म्हणजे कितव्या फ्रेटवर, दांड्यावरच्या कितव्या पट्टीपाशी, बोट, शून्य म्हणजे तार मोकळी. झालं, एवढं एका बैठकीत कळतं. आणि हे काही नवीन खूळ नाही बरं का, १५०७ मध्ये व्हेनिसला ल्यूट नावाच्या वाद्याची टॅबची पुस्तकं छापली गेली आहेत. त्या जुन्या टॅबमध्ये रेघांच्या वर कालाच्या खुणा असायच्या, कोणता सूर किती वेळ, ते सांगणाऱ्या. आजही चांगल्या पुस्तकात टॅबच्या वर पाच रेघांचं पाश्चात्त्य नोटेशन दिलेलं असतं ते याचसाठी, पण पोट्टे काय करतात, वरचं झाकतात आणि खालचे आकडे वाचतात. बोट कुठे ठेवायचं ते आकडा सांगतो, कधी ठेवायचं ते सांगत नाही, आणि फंकमध्ये कधी हेच सगळं आहे.

आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे फुली. टॅबमध्ये रेघेवर आकड्याच्या जागी इंग्रजी एक्स दिसतो ना, ती फुली. तिचा अर्थ असा की डाव्या हाताचं बोट तारेवर नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही, आणि उजव्या हाताने वाजवायचं. सूर निघत नाही, टक् असा कोरडा आवाज निघतो. नवीन पोरगा म्हणतो सूरच नाही तर वाजवायचं काहून, आणि सोडून देतो. तिथेच गाणं मरतं गा! फंकच्या एका बारमध्ये, म्हणजे चार बीटच्या (ठोक्यांच्या) एका भागात, सोळा बारीक जागा असतात, त्यातल्या कित्येक जागी फुली नाहीतर विश्रांती असते, आणि त्या टक् टक् मधूनच उरलेले चार-पाच सूर उठून दिसतात. गिटारचा उजवा हात या सोळाही जागी खाली-वर फिरतच राहतो, थांबत नाही, डावा हात फक्त ठरवतो की आता सूर की टक्. हे ज्याला जमलं त्याला ही गाणी जमली, असं माझं स्पष्ट मत आहे, बाकी स्पीड वगैरे नंतर येतोच.

आपल्याकडे अडचण अशी की ही पुस्तकं गावात येतात ती झेरॉक्स होऊन, आणि तीही झेरॉक्सची झेरॉक्स. आकडे जाड छापलेले असतात म्हणून टिकतात, फुल्या, छोटे ठिपके आणि कंसासारख्या बारीक रेषा पुसट होतात. म्हणजे जे सगळ्यात महत्त्वाचं तेच पहिलं उडतं. म्हणून हातात झेरॉक्स आली की आधी गाणं लावा, मोबाईलवर अर्ध्या स्पीडने लावता येतं आता, आणि ऐकत ऐकत लाल पेनाने फुल्या परत भरा. वाद्याला हात लावायच्या आधी हे करा. वेळ जातो, पण ते करता करताच कान तयार होतो आणि मग हात लवकर ऐकतो.

पेटी शिकलेल्या मुलांना एक इशारा देतो. तुम्ही भातखंडे पद्धतीचं नोटेशन पाहिलंय, तिथे तालाच्या खाली फुली म्हणजे सम आणि शून्य म्हणजे खाली, तालातली हलकी जागा. टॅबमध्ये फुली म्हणजे बिनसुराचा टक् आणि शून्य म्हणजे मोकळी तार. खुणा त्याच, काम अगदी वेगळं. फुली दिसली म्हणून तिथे जोर देऊ नका.

आता काकालोकांकडे येतो. बेसवर अंगठ्याने तार ठोकायची आणि बोटाने ओढून सोडायची, याला स्लॅप म्हणतात, पुस्तकात त्याच्यासाठी टी आणि पी अशी अक्षरं असतात. हा प्रकार प्रसिद्ध केला लॅरी ग्रॅहम या माणसाने. तो तरुणपणी आईसोबत वाजवायचा, आई पियानोवर, आणि त्यांच्याकडे ड्रमर उरला नव्हता. मग त्याने अंगठ्याने जाड तार ठोकून मोठ्या ड्रमचं काम केलं आणि बारीक तार ओढून स्नेअरचं, म्हणजे कडक आवाजाच्या छोट्या ड्रमचं. म्हणजे बघा, ही सगळी टेक्निक जन्माला आली ती ढोलकीवाला नाही म्हणून. तारेच्या वाद्यावर तालवाद्य वाजवायचं, हा तिचा मूळ विचार आहे. आणि आपल्या भागात काय कमी आहे जी तालवाद्याचं? तुकडोजी महाराजांची खंजिरी ऐकत आपण मोठे झालो, दंडार पाहिली, दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं सुरू झाली की रात्र रात्र वाद्यं ऐकतो. अंगठा आणि बोट यांचं आपसातलं बोलणं ज्याच्या हातात आधीच आहे त्याला स्लॅपचं पान परकं वाटायला नको.

फंकच्या त्या सोळा जागा मोजायला आपला आठ मात्रांचा केरवा घ्या. इंग्रजी पुस्तकात सोळा जागा मोजायला वन-ई-अँड-अ, टू-ई-अँड-अ असं म्हणायला सांगतात, आपल्या पोरांच्या तोंडात ते बसत नाही आणि बसवायची गरजही नाही. पहिल्या बीटला म्हणा धागेनाती, दुसऱ्याला नाकधीना, तिसऱ्याला परत धागेनाती, चौथ्याला नाकधीना. झाल्या सोळा जागा, एका बारमध्ये केरव्याची दोन आवर्तनं. आता टॅबच्या प्रत्येक खुणेखाली पेन्सिलीने बोल लिहा, सूर धा वर आहे की ती वर, फुली गे वर आहे की क वर, आणि तोंडाने म्हणत म्हणत वाजवा. वरचं नोटेशन पूर्ण वाचता येत नसलं तरी त्याच्या दांड्या आणि विश्रांतीच्या खुणा बघून, गाणं ऐकत ऐकत, एवढं काढता येतं.

पण एक फरक आहे आणि तो नीट लक्ष देऊन ऐका, काका तुम्हीसुद्धा. केरव्यात पाचव्या मात्रेवर खाली येते, नाकधीनाच्या ना वर, तिथे आपण डग्गा उघडा सोडत नाही, हलकं करतो. फंकमध्ये नेमकं तिथेच, म्हणजे दुसऱ्या आणि चौथ्या बीटला, स्नेअरचा फटका पडतो, आणि बेसवाला बऱ्याचदा बारीक तार ओढतो तीसुद्धा तिथेच. आपण जिथे हलकं करतो तिथे ते फटका देतात. भजनात वाढलेल्या पोराचा हात त्या जागी आपोआप सैल पडतो आणि गाणं बरोबर असून बसल्यासारखं वाटत नाही, त्याला कळत नाही की चुकतंय काय. एक जण ढोलकीवर केरवा धरेल, दुसरा फक्त खालीच्या जागेवर जोरात टाळी देईल, असं अर्धा तास करा, मग बेस हातात घ्या. मला तर हे ऐकायलाच लय आवडतं, केरवा तोच राहतो आणि त्याची चाल बदलते.

आता पुस्तकं घेण्याचं. गिटारचं पुस्तक वेगळं मिळतं, बेसचं वेगळं. फक्त गिटारचं घेतलं तर अर्धं गाणंच तुमच्याकडे नसतं, कारण गिटारच्या पानावर जिथे विश्रांती आहे तिथे बेस बोलतोय. म्हणून दोन मित्रांनी मिळून दोन पुस्तकं घ्यावी आणि महिनाभराने अदलाबदल करावी. बेस नसला तरी अडत नाही. बेसच्या चार तारा म्हणजे गिटारच्या चार जाड तारा, फक्त एक सप्तक खाली, त्यामुळे बेसचं टॅब गिटारवर तसंच्या तसं वाजतं, तेच आकडे. स्लॅप मात्र गिटारवर मजा देत नाही, त्याला जाड तार लागते, तेवढं बोटाने वाजवून भागवा. आणि ज्याच्याकडे बेस आहे त्याने लाईट गेली म्हणून थांबू नये, स्लॅपचा कडक आवाज अ‍ॅम्पशिवायही ऐकू येतो, लाईट नसताना ताल पक्का करा आणि आली की डिस्टॉर्शन लावा.

सुरुवात कशाने करावी असं पोट्टे विचारतात. मी सांगतो, हायर ग्राउंड. स्टीव्ही वंडरने १९७३ ला केलं, सगळी वाद्यं स्वतः वाजवली आणि बेस सिंथेसायझरवर घेतला. १९८९ ला चिली पेपर्सने तेच गाणं केलं तेव्हा त्यांचा बेसवाला फ्ली याने तो भाग बेसवर स्लॅपने वाजवला. दोन्ही ऐका, पाठोपाठ, आणि मग टॅब उघडा, म्हणजे कळेल की फुल्या कुठून आल्या, कीबोर्डवर त्या नव्हत्याच, हाताने आणल्या. आणि स्लॅपचं वेड लागलेल्यांनी हेही लक्षात ठेवा की याच फ्लीने १९९१ च्या अल्बममध्ये स्लॅप मुद्दाम कमी करून बरंचसं बोटांनी वाजवलं. ताल पक्का असला की अंगठा लागतोच असं नाही.

पानाच्या सुरुवातीला ट्यूनिंग लिहिलेलं असतं ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. रेज अगेन्स्ट द मशीनचं किलिंग इन द नेम ड्रॉप डी मध्ये आहे, जाड तार ई वरून डी वर उतरवावी लागते, बेसचीही, नाहीतर आकडे बरोबर आणि आवाज भलताच. खुणांचा अर्थ सांगणारं पान पुस्तकात असतं, तेही वाचा, कारण पी हे अक्षर स्लॅपमध्ये बोटाने ओढण्यासाठी येतं आणि दोन आकड्यांवरच्या कमानीसोबत आलं तर डाव्या बोटाने तार सोडण्यासाठी येतं.

आणि काही गोष्टी टॅबमध्ये मावतच नाहीत. रेज अगेन्स्ट द मशीनचा गिटारवाला टॉम मोरेलो एका पिकअपचा (तारांचा आवाज पकडणाऱ्या भागाचा) आवाज शून्यावर ठेवतो आणि स्विच खटाखट हलवून गिटारचा सूर तोडतो. त्यांच्या पहिल्या अल्बमवर छापलंय की यात सॅम्पल, कीबोर्ड, सिंथेसायझर काही वापरलेलं नाही, इतके ते आवाज गिटारचे वाटत नाहीत. अशा ठिकाणी पुस्तक फार तर दोन शब्दांची सूचना देतं. तिथे पुस्तक बंद करा आणि कान लावा.

वाचनालयात माझी एक प्रत ठेवून जातोय, गिटार आणि बेस दोन्ही, फुल्या लाल पेनाने भरलेल्या आणि पहिल्या गाण्याखाली केरव्याचे बोल लिहिलेले. मोबाईलवर फोटो काढताना उजेडात काढा, सावली पडली की फुल्या जातात. आता दहा मिनिटं चहा घेऊ, मग ज्यांनी बेस आणलाय त्यांनी पुढे या, आणि काका, तुमची ढोलकी चढवून ठेवा, पहिला केरवा तुम्हीच धरायचा आहे.