मानशीवरची माणसं

भरती चढते आहे. बांधातल्या या लाकडी दरवाजाकडे बघा, कुणी हात लावलेला नाही. नदीचं पाणीच फळ्यांना दाबून बंद करतं; ओहोटीला शेतातलं पाणी त्या उघडतं. ही मानस. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात, जुवारी नदीच्या काठची ही खाजन शेती भरतीच्या पातळीखाली आहे. खारं पाणी आत आलं की भात गेलं.

आता बांध. नदीच्या अंगाला जांभा दगड, आत चिखल आणि पेंढा. खेकड्यानं पोखरलेलं बारीकसं बीळसुद्धा मोठ्या भरतीत भगदाड होतं. ते रात्री-अपरात्री बुजवावं लागतं आणि एकट्याचं ते काम नव्हे. चिखलाच्या पाट्या अशा हातोहात पुढे जातात.

पूर्वी हे गावकारी पद्धतीत, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांच्या सामायिक कारभारात चालायचं. पोर्तुगिजांनी तिचे रिवाज १५२६ मध्ये लिहून काढले. पण बांधावर राबणाऱ्या कुळाला तिथं मत नव्हतं. १९६४ चा कूळ कायदा आला, मग १९७५ चे नियम, आणि बांधाची सामायिक जबाबदारी कुळांच्या संघटनेवर आली. समिती निवडायची, मानशीतल्या मासळीचा लिलाव करायचा, हिशेब सगळ्यांसमोर मांडायचा.

ही त्यांची बैठक. लिलावाचे किती आले, मातीवर किती गेले, यावरचं हे भांडण आम्ही चित्रफितीतून मुद्दाम कापलेलं नाही. (बायका मात्र चिखलात जास्त दिसतात, खुर्च्यांवर कमी.)

कॅरोल पेटमन या ब्रिटिश राजकीय विचारवंत. १९७० मध्ये त्यांनी मांडलं, की कामाच्या ठिकाणी ज्याच्या शब्दाला खरी किंमत असते, त्याला सार्वजनिक कारभारातही आपलं काही चालेल असा भरवसा येतो. त्यांच्यासमोर कारखाने होते, युगोस्लाव्हियातले कामगार होते. पुढच्या अभ्यासकांना हा दुवा दर वेळी इतका सरळ सापडला नाही. आम्हाला तो या मंडपात दिसला. "पावती दाखव" म्हणणारे हे काका बघा. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरमधल्या रविवारच्या ग्रामसभेत मागचं इतिवृत्त वाचायला लावणारेही हेच. पंचायतीच्या कायद्याचं पुस्तक त्यांनी वाचलेलं नाही. हिशेब कसा मागायचा, ते बांधाच्या बैठकीत शिकले.

संघटना जिथं कागदावरच उरल्या, तिथले बांध फुटले, शेतात खारफुटी उभी राहिली. इथं पावसाआधी फळ्या बदलायच्या आहेत आणि सुताराचा दर अजून ठरायचा आहे.