सोळा कळांचा ठेका

नमस्कार श्रोतेहो. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात भजनाच्या गजरात लहानाचे मोठे झालेल्या माणसासमोर ड्रम मशीनचे, म्हणजे ठेका वाजवणाऱ्या विजेच्या यंत्राचे, नाव काढले, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ज्याला ना हात लागतो ना कातडे, त्यात कला कसली? पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावून, ती चिमूट-चिमूट कमी-जास्त करत मनाजोगता घुमारा येईपर्यंत थाप मारून पाहणारा वादक ज्याने जवळून पाहिला आहे, त्याला हा प्रश्न पडणे मी स्वाभाविकच मानतो.

तरीही रोलँड या जपानी कंपनीने १९८० साली आणलेले टीआर-८०८ हे यंत्र पाहा. त्यात खऱ्या ढोलाचे ध्वनिमुद्रण नाही. विजेच्या मंडलांतूनच आवाज घडतो. खर्जाच्या ठोक्याची आस किती रेंगाळावी हे ठरवणारे एक बटण त्यावर आहे, ते फिरवत गेले की कोरडा ठोका हळूहळू लांब घुमाऱ्यात बदलतो. ते बटण फिरवणारी बोटे आणि कणीक थापणारी बोटे एकाच शोधात असतात, असे मला मनापासून वाटते. खऱ्या ड्रमसारखे वाजत नाही म्हणून पुष्कळांनी त्याला नाक मुरडले आणि १९८३ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. पण हिप-हॉप आणि टेक्नो करणाऱ्यांनी नेमक्या त्याच आवाजावर आपले संगीत उभे केले.

या यंत्रावर एका ओळीत सोळा कळा आहेत. प्रत्येक कळ म्हणजे ठेक्यातली एक जागा, आणि यंत्र त्या जागा क्रमाने वाजवत जाते: दाबाल तिथे ठोका, सोडाल तिथे शांतता. आपल्या त्रितालाच्याही मात्रा सोळाच! पहिल्या कळेवर सम, म्हणजे तालाची सुरुवात, नवव्यावर काल, म्हणजे खाली, आणि दहाव्यापासून तेराव्यापर्यंत खर्ज काढून घेतला, की भरी-खालीचा फरक त्या रांगेत डोळ्यांनाही दिसतो. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली याच यंत्राच्या ठेक्यावर दहा रागांची ध्वनिमुद्रिका केली. ठोका कुठे ठेवायचा आणि कुठे गाळायचा हा निर्णय माणसाचाच असतो, आणि माझ्या मते कला तिथेच आहे.

एक उणीव मात्र मान्य केली पाहिजे. गजर चढू लागला की टाळकऱ्यांबरोबर पखवाजीही लय वाढवतो. यंत्र कुणाचे ऐकत नाही, ते दिलेल्या गतीनेच चालते. म्हणून मंदिरातल्या भजनाला मी ते नेणार नाही.

घरी मात्र एकदा संगणकावरच्या अशाच मशीनवर मी भजनी ठेका बसवला. शेजारचे पखवाजी काका ऐकून म्हणाले, "मात्रा बरोबर आहेत, पण चाल नाही." अमेरिकेच्या रॉजर लिन यांनी आपल्या ड्रम मशीनांत, जोडीतला दुसरा ठोका किंचित उशिरा टाकण्याची सोय केली होती, तीच सोय वापरून मी दुसरे ठोके केसभर मागे सरकवले. काका काही बोलले नाहीत, पण त्यांची बोटे गुडघ्यावर ठेका धरू लागली होती.