हातानं फिरवायचा कॉफी ग्राइंडर घेताना

श्रोतेहो, नमस्कार.

आपला खानदेश चहाचा. तरी जळगाव-धुळ्याच्या काही स्वयंपाकघरांत आता स्टीलचा साउथ इंडियन फिल्टर, कॉफी भिजवून जाळीनं दाबायचा काचेचा फ्रेंच प्रेस, गॅसवर ठेवायचा मोका पॉट येऊन बसलेत. चिकमंगळूरचे, कूर्गचे, अराकूचे भाजलेले दाणे घरपोच मिळतात. अडतं ते दळण्यापाशी. दाणे आले की हात आपसूक मिक्सरकडे जातो, आणि सगळा पैसा तिथेच वाया जातो.

मिक्सरचं पातं दाणा दळत नाही, तोडतं. तळाशी पीठ होतं आणि वरचे तुकडे जाडेच राहतात. गरम पाणी पडलं की पिठातून लगेच कडवटपणा उतरतो, जाड तुकड्यांतून मात्र पुरता अर्क निघत नाही आणि आंबट चव येते. एकाच कपात कडू आणि आंबट. दळण एकसारखं पाहिजे, ते याच्यासाठी.

हाताच्या ग्राइंडरमध्ये दात्यांची एक जोडी असते. बाहेरचं कडं स्थिर आणि आतला शंकू दांड्यावर फिरणारा. दोघांमधल्या फटीतून जाण्याइतका बारीक झाल्याशिवाय दाणा खाली पडत नाही. म्हणजे दळण एकसारखं यायचं तर ही फट चारही बाजूंनी सारखी राहिली पाहिजे, दांडा फिरत असतानासुद्धा. पैसे द्यायचे ते या गोष्टीचे. लाकडी मूठ, रंग, देखणा डबा यांचे नव्हे.

दोन हजारांच्या आतबाहेर मिळणाऱ्या बहुतेक ग्राइंडरमध्ये सिरॅमिकचे दाते असतात. सिरॅमिक गंजत नाही, पाण्यानं धुता येतं. त्यांची खोड दात्यांत नसते, दांड्यात असते. अशा कित्येक ग्राइंडरमध्ये दांड्याला आधार एकाच ठिकाणी असतो. फट बारीक ठेवली की शंकू कड्यात घट्ट बसतो आणि दळण बऱ्यापैकी येतं. फट मोठी केली की शंकू लोंबकळतो, फिरताना एका बाजूला झुकतो, आणि तिकडून पीठ नि इकडून भरड पडते. त्यामुळे घरी फक्त साउथ इंडियन फिल्टर असेल, तर स्वस्तातला सिरॅमिकचा चालून जाईल. फ्रेंच प्रेससाठी तो घेऊ नका.

पाच हजारांच्या पुढे स्टीलचे दाते आणि वर-खाली दोन बेअरिंगमध्ये धरलेला दांडा मिळायला लागतो. दात्यांचा व्यास 38 मिलिमीटर असेल तर घरच्या वापराला पुरे. 48 मिलिमीटरचे जास्त भरभर दळतात. चांगल्या स्टीलच्या ग्राइंडरमध्ये 20 ग्रॅम दाणे मिनिटभरात होतात, सिरॅमिकला त्याच्या दुप्पट किंवा जास्त वेळ लागतो. फिक्या भाजणीचा दाणा कडक असतो, तो दळताना तर हा फरक मनगटाला चांगलाच कळतो.

हातात घेतल्यावर काय तपासायचं? खालची वाटी काढा. आतल्या शंकूला दोन बोटांत धरून आडवा हलवून बघा. स्प्रिंगमुळे किंचित वर-खाली झाला तर चालेल, आडवा हलता कामा नये. मग 10 ग्रॅम दाणे जाडसर दळून पांढऱ्या कागदावर पसरा. बोटानं सारल्यावर कागदावर तपकिरी पिठाचा पट्टा उठला आणि मध्येमध्ये अर्धवट फुटलेले दाणे दिसले, तर ग्राइंडर परत करा. थोडं पीठ प्रत्येकच ग्राइंडर पाडतो, एवढ्यानं बिचकू नका.

फट कमी-जास्त करायच्या चाकाला खटके असतात. फिल्टर आणि फ्रेंच प्रेसला एका खटक्यामागे फटीत 25-30 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फरक चालतो. घरी एस्प्रेसोचं, म्हणजे दाबानं पाणी ढकलून कॉफी काढणारं मशिन असेल तर याहून बारीक खटके पाहिजेत, नाहीतर एका खटक्यावर पाणी धो धो जातं आणि पुढच्यावर अडून बसतं. वाटीत एका वेळी 20 ते 25 ग्रॅम मावतात. सकाळी सहा-सात जणांची कॉफी करायची असेल, तर हाताचा ग्राइंडर घेऊच नये, विजेवरचा दात्यांचा घ्यावा. दोघातिघांच्या घराला हाताचा उत्तम, शिवाय लाइट गेली तरी अडत नाही.

आता नेमका आकडा बसवायचा. हँडल लावा आणि रिकाम्या ग्राइंडरचं चाक आवळत चला. दाते एकमेकांना टेकून हँडल फिरेनासं झालं की ते शून्य. तिथे जोर लावू नका, सिरॅमिकचे दाते टवकतात. शून्यापासून खटके मोजत मागे यायचं. फ्रेंच प्रेसला जाड रव्याएवढं दळण लागतं, फिल्टरला बारीक रव्याएवढं, मोका पॉटला त्याहून थोडं बारीक.

फिल्टरसाठी 20 ग्रॅम दळण घ्या, फिल्टरच्या चकतीनं हलकं दाबा आणि उकळून अर्धा मिनिट थांबवलेलं सव्वाशे-दीडशे मिलिलिटर पाणी घाला. डिकॉक्शन, म्हणजे खाली जमणारा घट्ट अर्क, 15-20 मिनिटांत उतरलं पाहिजे. पाच मिनिटांत सगळं खाली आलं तर दळण जाड आहे, दोन खटके आवळा. अर्ध्या तासानंतरही पाणी वरच उभं असेल तर दोन खटके सैल करा. त्याआधी आपण चकती फार दाबली नाही ना, ते बघा. चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) लागत असेल तर दळलेली आणून नंतर मिसळा, 16 ग्रॅम कॉफीला 4 ग्रॅम. ग्राइंडरमध्ये ती घालू नका. ती ओल धरते आणि दात्यांना चिकटते. वेलदोडा, मिरी, मसालाही नको. तो वास आठवडेच्या आठवडे जात नाही. दाण्यांची बरणीसुद्धा काळ्या मसाल्याच्या कपाटात ठेवू नका.

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे हवा इतकी कोरडी असते की दळलेली कॉफी विजेनं भारून वाटीला, भिंतीला चिकटून बसते. दळण्याआधी दाणे वेगळ्या वाटीत काढा, चमच्याचं टोक पाण्यात बुडवून तेवढा एक थेंब दाण्यांत ढवळा, मग दळा. चिकटणं बरंच थांबतं. थेंब एकच, दाणे ओले करायचे नाहीत. पावसाळ्यात मात्र उलटी काळजी. स्टीलच्या दात्यांत उरलेलं दळण ओल धरतं आणि गंज येतो, म्हणून रोज ब्रशनं झाडून घ्या. स्टीलचे दाते कधीच धुऊ नका. दात्यांवर तेलकट थर साचतो, गडद भाजणीचे दाणे वापरत असाल तर जास्तच. महिन्यातून एकदा सगळं सुटं करून तो कोरड्या ब्रशनं काढा. सुटे केलेले भाग काढल्या क्रमानं कागदावर ओळीनं मांडून ठेवा, कारण स्प्रिंग आणि वॉशर उलटसुलट बसले की शंकू तिरका बसतो. जोडून झालं की शून्य पुन्हा शोधा. ते एखाद्या खटक्यानं सरकलेलं असतं, आणि जुन्या आकड्यावर दळलं तर चव बदलते.