लाकडाचं तेल: आधी थंड डोक्याने, मग गरम भट्टीत

मंडळी, नागपुरातल्या लकडगंजच्या आरामशिनींखाली साचणारा सागाचा भुसा आपण रोज बघतो, तेव्हा त्याचं तेल करायला तिथूनच सुरुवात करू. भुश्यातला ओलावा 10 टक्क्यांच्या खाली आणायचा. नागपूरच्या उन्हात हे काम फुकटात होतं. मग 3 मिलिमीटरच्या चाळणीने चाळून, हवा लागू न देता, सुमारे 500 अंश सेल्सिअसवर झटक्यात तापवायचा. वाफ 2 सेकंदांच्या आत थंड केली, तर 100 किलो कोरड्या भुश्यामागे 60 ते 70 किलो द्रव हाती येतो. बाकी कोळसा आणि वायू. सालपटं, पाला मिसळला की राखेतलं पोटॅशियम वाफेचे रेणू तोडतं आणि द्रव घटून पाणी नि वायू वाढतात. साल वेगळी काढायचा कंटाळा इथे महागात पडतो.

या द्रवाला आपण तेल म्हणतो, पण तो डिझेलमध्ये मिसळतसुद्धा नाही. त्यात 15 ते 30 टक्के पाणी. किलोमागे उष्णता 16 ते 19 मेगाज्यूल, डिझेलची 43 च्या आसपास. सामू (पीएच) 2 ते 3, म्हणजे चांगलाच आम्लधर्मी, म्हणून साध्या लोखंडी पिंपात ठेवू नका. स्टेनलेस स्टील किंवा एचडीपीई हे टणक प्लास्टिक घ्या.

खरी गोम पुढे आहे. पेट्रोलियमसारखं ऊर्ध्वपातन, म्हणजे उकळून वाफेने भाग वेगळे, करायला गेलात, तर तिसरा हिस्सा ते निम्मा माल तळाशी कोळसा होऊन बसतो. यातली अल्डिहाइड आणि फिनॉल ही संयुगं आम्लात एकमेकांना धरतात. बॅकेलाइट हे जुनं कडक प्लास्टिक असंच घट्ट होतं. हेच साठवणीतही हळूहळू चालतं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला पातळ माल काकवीसारखा होत जातो. 10 टक्के मिथेनॉल घातलं की हा वेग बराच मंदावतो.

म्हणून डिझेलच्या जातीचं इंधन हवं असेल, तर हायड्रोजन दोन टप्प्यांत द्यावा लागतो. आधी रुथेनियमच्या उत्प्रेरकावर 150 ते 250 अंशांत अल्डिहाइडांना अल्कोहोल करून शांत करायचं. त्यानंतरच निकेल-मॉलिब्डेनम सल्फाइडवर 350 ते 400 अंश, 100 बारच्या वर दाब. ऑक्सिजन पाणी होऊन निघतो. पहिला टप्पा वगळून थेट दुसऱ्यात माल सोडला, तर उत्प्रेरकाच्या थरात कोक, म्हणजे कोळशासारखा घट्ट थर, साचतो, दाबाचा फरक वाढत जातो आणि नळी चोंदते.

इतका हायड्रोजन लहान कारखान्याला परवडणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याने पाण्याची वाट धरावी. तेल ढवळत्या थंड पाण्यात बारीक धारेने सोडा. लिग्निनचा, म्हणजे लाकडाला घट्टपणा देणाऱ्या पदार्थाचा, तपकिरी भाग खाली बसतो, तो प्लायवूडच्या डिंकात फिनॉलच्या काही भागाऐवजी चालतो. वरच्या पाण्यात अ‍ॅसिटिक आम्ल आणि लेव्होग्लुकोसान हा साखरेच्या जातीचा पदार्थ राहतो.

बॉयलरमध्ये जाळायचं असेल, तर बर्नरला देण्याआधी 60 ते 80 अंशांपर्यंतच आणि ऐन वेळी गरम करा. टाकी तापवत ठेवू नका. भट्टी आधी डिझेलवर तापवून घ्या. दोन इंधनांच्या मध्ये आणि बंद करताना नोझल इथेनॉलने धुवा. डिझेलने धुतलं तर चिकटा तिथेच राहतो आणि दुसऱ्या दिवशी नोझल उघडून खरवडावं लागतं.