उद्दिष्ट क्रमांक 4 कुठं गेलं?

बसा, मागं खुर्च्या आहेत अजून. पेठ-सुरगाण्याकडनं पहाटेची एसटी धरून आलेले पण काहीजण दिसतायत, परत जायची गाडी गाठायचीय त्यांना, म्हणून सरळ मुद्द्यावरच येते.

शिक्षणशास्त्राच्या थिसिसची पाच प्रकरणं सगळ्यांना पाठ आहेत, प्रस्तावना, संबंधित साहित्याचा आढावा, संशोधन पद्धती, विश्लेषण आणि अर्थनिर्वचन, मग निष्कर्ष-शिफारशी. शोधगंगेवर, म्हणजे भारतातले पीएचडीचे थिसिस जिथं ऑनलाइन ठेवतात तिथं, जाऊन बघा, बहुतेक हाच साचा. पण साचा म्हणजे रचना नाही हो. पहिल्या प्रकरणातलं उद्दिष्ट तिसऱ्यात कुठल्या साधनानं मोजलं, चौथ्यात कुठल्या कोष्टकात आलं आणि पाचव्यात त्याचं काय निघालं, ही दोरी कुठंच तुटता कामा नये.

माझी तुटली होती. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरच्या परीक्षकांनी पानं उलटली, परत उलटली आणि शांतपणे विचारलं, मॅडम, उद्दिष्ट 4 चा निष्कर्ष कुठंय? आश्रमशाळेतल्या मुलींच्या वाचनाचं होतं ते, मी स्वतः पेठ तालुक्यात जाऊन चाचणी घेतलेली, एकीनं तर शेवटच्या प्रश्नाखाली पेन्सिलीनं आपल्या पाड्याचं नाव लिहिलेलं, कोष्टकंसुद्धा केलेली, आणि पाचव्या प्रकरणात त्या मुलींबद्दल एक ओळ नाही. दुरुस्ती करून दिली मी, पण ते मनातनं जात नाही.

म्हणून सांगते, एक चार्टपेपर आडवा धरा. डावीकडं उद्दिष्टं, पुढं परिकल्पना (आधी मांडलेला अंदाज), न्यादर्श (ज्यांच्यावर अभ्यास केला तो नमुना), साधन, संख्याशास्त्रीय तंत्र, कोष्टक नंबर, निष्कर्ष असे रकाने आखा आणि लिहायला बसता तिथं भिंतीला लावा. रकाना रिकामा राहिला तर एकतर काम बाकी आहे, नाहीतर ते उद्दिष्टच जास्तीचं आहे. चार-पाच पुरेत, नऊ-नऊ कशाला घेता?

आणि उद्दिष्टातलं क्रियापद नीट बघा. 'परिणामकारकता तपासणे' लिहिलंत की प्रयोग आला, पूर्वचाचणी-उत्तरचाचणी आली, नियंत्रित गट, म्हणजे ज्यांना तो उपक्रम दिलाच नाही असा गट, आला तर उत्तमच. नुसती प्रश्नावली वाटून शिक्षकांना 'उपयोगी वाटलं का' विचारलं तर ती मतं झाली, परिणामकारकता नाही.

दुसऱ्या प्रकरणात संशोधकाचं नाव, वर्ष, शीर्षक, निष्कर्ष असं चाळीस वेळा लिहू नका, विषयवार गट करा, शेवटी यातलं काय अजून कुणी पाहिलं नाही ते सांगा. चोप्य-पस्ते पण इथंच होतं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018 च्या नियमांत दुसऱ्यांच्या मजकुराशी 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्याच्या वर 40 टक्क्यांपर्यंत गेलं की दुरुस्तीला परत येतं, आणि त्याच्याही वर गेलं तर शिक्षा आणखी कडक.

लिहिताना तिसरं प्रकरण आधी घ्या, पहिलं शेवटी.

चला, आता सिनॉप्सिस, म्हणजे तुमच्या संशोधनाचा आराखडा, बाहेर काढा. चार्टपेपर त्या टेबलावर ठेवलेत, आणि भरायला सुरुवात शेवटच्या उद्दिष्टापासून करा.