आठवड्यातला दीड दिवस

नमस्कार. फलकावर विषय लिहिलाय: वैद्यकीय प्रतिमांच्या भौतिकशास्त्रातलं करिअर. त्यावर येतोच, पण आधी ही तबकडी बघा. आमच्या भागातल्या लेथवाल्याकडून करून घेतलीय. व्यास 20 सेंटिमीटर, जाडी 5. बाहेर लाकूड, मध्ये ॲल्युमिनियम. पुढच्या रांगेपासून मागे जाऊ द्या. दोन्ही हातांनी धरा, पायावर पडली तर एक्स-रे काढायची वेळ येईल.

अशाच तबकडीवर सीटी स्कॅनचं गणित मांडणारे भौतिकशास्त्रज्ञ ॲलन कॉर्मॅक यांनी 1957 मध्ये आपलं गणित तपासलं. कॉर्मॅक जोहान्सबर्गचे. केंब्रिजला संशोधनासाठी गेले आणि डॉक्टरेट न घेताच परतले. केपटाऊन विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवू लागले. 1956 मध्ये तिथल्या ग्रूट स्क्यूर रुग्णालयातल्या भौतिकतज्ज्ञानं नोकरी सोडली. किरणोत्सारी पदार्थ वापरायचे तर देखरेखीला भौतिकतज्ज्ञ हवाच, असा तिथला कायदा. गावात अणुभौतिकी जाणणारे कॉर्मॅकच. म्हणून सहा महिने, आठवड्यातला दीड दिवस, ते रुग्णालयात बसले. बस्स, एवढंच!

पण त्या दीड दिवसात त्यांनी कर्करोगाच्या रुग्णांना किरण कसे देतात ते जवळून पाहिलं. मात्रेचे तक्ते एकमेकांवर ठेवून हिशेब चालायचा आणि त्या तक्त्यांत शरीर सगळीकडे एकसारखं धरलेलं असायचं. हाड, फुप्फुस, स्नायू, सगळं एकच! कॉर्मॅकना हे खटकलं. शरीराच्या आत कुठे किती किरण शोषले जातात याचा नकाशा बाहेरून घेतलेल्या मोजमापांतून काढता येईल का? सीटी स्कॅनचा मूळ प्रश्न हाच.

आता तबकडीची गंमत ऐका. कोबाल्ट-60 चे किरण तिच्यातून वेगवेगळ्या रेषांवर सोडले, मोजले, गणित केलं. उत्तर जुळलं. फक्त केंद्राजवळचे तीन बिंदू जरा वेगळ्या रेषेवर पडत होते. तुम्ही-आम्ही काय केलं असतं? 'प्रयोगातली चूक' लिहून निबंध जर्नलकडे पाठवून दिला असता! कॉर्मॅकनी वर्कशॉपमध्ये चौकशी केली. तेव्हा कळलं, ॲल्युमिनियमच्या मधोमध किंचित कमी शोषणाची एक खुंटी बसवलेली होती. बनवणाऱ्यालाच ठाऊक असलेली गोष्ट गणितानं बाहेरून ओळखली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीवरून उठून येरझाऱ्या घातल्या होत्या.

1963 आणि 1964 मध्ये त्यांचे दोन निबंध 'जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्स'मध्ये आले. प्रतिसाद जवळजवळ शून्य. प्रत मागवणाऱ्यांत सगळ्यात गमतीचं पत्र स्वित्झर्लंडच्या हिमप्रपात संशोधन केंद्राचं होतं! आणि हेच गणित योहान राडोन यांनी 1917 मध्येच सोडवून ठेवलंय, हे कॉर्मॅकना कळायला आणखी बरीच वर्षं गेली.

एव्हाना ते अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठात होते. पगार अणू आणि कणांच्या भौतिकीसाठी. हे काम सवडीनं. इथे मला थोडं स्वतःचं सांगू द्या. मी एका महाविद्यालयात शिकवत असताना आठवड्यातल्या दोन दुपारी रुग्णालयात जायचो. बढतीच्या मुलाखतीत विचारणा झाली, 'हे काम भौतिकशास्त्रात धरायचं की वैद्यकात?' शेवटी कशातच धरलं नाही. आता वीस वर्षं झाली, पण राग गेलेला नाही, आणि जाऊही नये असं मला वाटतं. कारण आज तोच प्रश्न माझ्या विद्यार्थ्यांना विचारला जातो आणि चांगली मुलं दवाखान्याची पायरी चढायचं सोडून देतात. रुग्णालयातला दीड दिवस प्राध्यापकाच्या कामात मोजला गेला पाहिजे, तोही पूर्ण मान देऊन. माझी मागणी एवढीच आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर करिअर, भराभर. एम.एस्सी. भौतिकशास्त्र, मग ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा किंवा एखाद्या विद्यापीठाची मेडिकल फिजिक्समधली पदवी, मग रुग्णालयात उमेदवारी. रेडिएशन सेफ्टी ऑफिसर व्हायचं तर अणुऊर्जा नियामक मंडळाची मान्यता लागते. शिकवायचं असेल तर पीएच.डी. कराच, कॉर्मॅकना डॉक्टरेटशिवाय 1979 चं नोबेल मिळालं, सीटीचं यंत्र बनवणाऱ्या गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्यासोबत, पण तुमचा अर्ज छाननीतच अडकेल. कोडिंग शिका, फूरियेचं गणित पक्कं करा, शरीररचना डॉक्टरांकडून शिका.

आणि जवळच्या रुग्णालयात सीटी असेल तर परवानगी घेऊन सकाळी पहिल्या रुग्णाआधी जा. तंत्रज्ञ पाण्यानं भरलेला फँटम, म्हणजे रुग्णाच्या जागी ठेवायचा चाचणीचा डबा, मशीनमध्ये ठेवतात. किरण किती शोषले गेले हे सांगणारा पाण्याचा आकडा शून्याच्या आसपास यायला हवा, हवेचा उणे 1000. ही एककं हाउन्सफिल्डच्याच नावाची. एखाद्या दिवशी पाणी शून्यावरून सरकलेलं दिसलं तर का सरकलं, ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर मला फोन करा, नंबर आयोजकांकडे आहे. तबकडी कुठवर गेली?