हिरव्याच्या आतलं सोनं

मंडळी, चित्रकलेचा मास्तर म्हणून पोरांना मी एक गोष्ट सतत सांगत आलो. बाटलीतला तयार हिरवा झाडाला लावू नका. पिवळा घ्या, निळा घ्या, आणि समोरच्या झाडाचा हिरवा स्वतः तयार करा. सुरुवातीला पोरं कंटाळतात. मग एखाद्याच्या लक्षात येतं की पिवळा जरा जास्त पडला की झाडावर ऊन येतं आणि निळा वाढला की तेच झाड सावलीत जातं. त्या दिवसापासून तो पोरगा रस्त्यानं जाताना झाडं बघायला लागतो.

आबालाल रहिमान यांच्या गावात, आपल्या कोल्हापुरात, हे बोलायला मला अभिमान वाटतो. जे. जे. स्कूलमध्ये शिकलेला, शाहू महाराजांच्या दरबारातला हा चित्रकार कोटितीर्थाच्या काठी राहिला आणि कोटितीर्थ, रंकाळा, संध्यामठ हेच पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. १९३१ साली ते गेले. तेच पाणी, तीच झाडं, आणि तरी प्रत्येक वेळी बघण्यासारखं काहीतरी होतं, यावर त्यांचा विश्वास होता. माझाही आहे.

आपल्या या मुलखात हिरवा आणि सोनेरी हे नुसते शेजारी नाहीत. सोनं हिरव्याच्या पोटात असतं. कुठं दडलेलं, कुठं मिसळलेलं, कुठं आच लागायची वाट बघत असलेलं. पानात, पिसात, रेल्वेच्या दिव्यात आणि गुऱ्हाळाच्या काहिलीत हे शब्दशः खरं आहे.

पानापासून सुरुवात करू. पानातलं हरितद्रव्य उन्हातला लाल आणि निळा प्रकाश शोषून घेतं, हिरवा बऱ्याच प्रमाणात परत पाठवतं, म्हणून पान हिरवं. पण त्याच पानात पिवळी रंगद्रव्यंही असतात, ज्यांना कॅरोटिनॉइड म्हणतात. ती भर पावसाळ्यातही असतात. जादा उन्हापासून पानाचं रक्षण करायचं काम ती गुपचूप करत असतात. हरितद्रव्याचा जोर मोठा म्हणून आपल्याला दिसत नाहीत. आता ऑक्टोबरात आजऱ्याकडे जा. तिथल्या घनसाळ तांदळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते भात त्या दिवसांत पिकायला लागलेलं असतं. दाणा भरताना रोप पानातला नत्र दाण्याकडे ओढून घेतं, हरितद्रव्य मोडतं, आणि मागं उरलेला पिवळा उघडा पडतो. शेत सोन्यासारखं झालं असं आपण म्हणतो. त्यातला बराचसा पिवळा आषाढातही पानात होताच.

आता गाडीत बसू. कोल्हापूर–मिरज हा मार्ग १८९१ सालचा, आपल्या संस्थानानं बांधून घेतलेला. गुर मार्केट, वळिवडे, मग पंचगंगेचा पूल, रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर, आणि कृष्णा ओलांडली की मिरज. तासाभराचा प्रवास. लोक मोबाईलमध्ये बघत जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण रंग शिकायला एवढी चांगली शाळा दुसरी नाही.

हिवाळ्यातली सकाळची गाडी धरा आणि उजव्या हाताची खिडकी पकडा. गाडी पूर्वेकडे चाललेली असते, हिवाळ्यातला सूर्य आग्नेयेला असतो, म्हणजे उजवीकडच्या उसाच्या पलीकडून ऊन येतं. ते पात्यातून आरपार येऊन तुमच्यापर्यंत पोचतं, आणि पानातून गाळून आलेला प्रकाश पिवळसर असतो. अख्खा फड आतून पेटल्यासारखा दिसतो, पात्यांच्या कडा तर निव्वळ सोनेरी. आता उठून डाव्या खिडकीशी जा. तोच ऊस, तीच जात, तेच वय. पण इकडं ऊन तुमच्या पाठीमागून पात्यावर पडतंय, आणि गुळगुळीत पात्यावर आभाळाचा निळा चमकतोय. हा हिरवा थंड, जरा राखाडी. एकाच डब्यात, दोन पावलांवर, दोन हिरवे. माझ्या वर्गातल्या पोरांना मी हा प्रवास अभ्यास म्हणून देतो. डावीकडचा एक तुकडा रंगवायचा, उजवीकडचा एक, आणि पिवळा कुठं किती घातला ते कागदाच्या कोपऱ्यात लिहायचं.

गाडीचा विषय निघाला आहे तर सिग्नलबद्दल बोलल्याशिवाय मला राहवणार नाही. आज सगळीकडे एलईडीचे दिवे आहेत. त्याआधी हाताचे सिग्नल होते. खांबावर आडवा हात, तो खाली झुकला की लोक म्हणायचे, सिग्नल पडला, गाडी येतेय. रात्री हात दिसायचा नाही, म्हणून त्याच्या मुळाशी रंगीत काचा असत आणि मागं रॉकेलचा दिवा. संध्याकाळी बत्तीवाला शिडीनं वर चढून तो दिवा लावायचा. यातली रस्ता मोकळा असल्याची काच भर दिवसा हातात घेतली, तर ती चक्क निळसर दिसे. कारण रॉकेलची ज्योत पिवळी. पिवळ्या ज्योतीपुढं निळसर काच आली की ड्रायव्हरला हिरवा दिसायचा. हिरवी काच लावली असती तर तो हिरवा पिवळट पडला असता, म्हणून काच मुद्दाम निळ्याकडे झुकवलेली. म्हणजे ड्रायव्हर ज्या हिरव्यावर विसंबून अंधारात गाडी पळवायचा, त्याची अर्धी बाजू सोनेरी ज्योतीची होती.

आणि हिरवा म्हणजे रस्ता मोकळा, हेसुद्धा पहिल्यापासून नव्हतं. इंग्लंडात सुरुवातीच्या काळात पांढरा दिवा म्हणजे मोकळा रस्ता, हिरवा म्हणजे सावधान, लाल म्हणजे थांबा. त्यात घात असा होता की लाल काच फुटली तर मागचा पांढरा दिवा उघडा पडायचा आणि धोक्याच्या जागी रस्ता मोकळा दिसायचा. शिवाय गावातले दिवेही पांढरेच. म्हणून पांढरा बाद झाला, हिरवा मोकळ्या रस्त्याचा झाला आणि सावधानतेची जागा पुढं पिवळ्याला मिळाली. आज आपल्या मार्गावर एक पिवळा दिसला तर पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीनं यायचं. हिरवा आणि पिवळा हे दोनच रंग गाडी चालती ठेवतात. डोळ्याचंही तसंच आहे. दिवसाच्या उजेडात माणसाचा डोळा सगळ्यात तीक्ष्ण असतो तो ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे पिवळसर हिरव्याला. कोवळ्या उसाचा पोपटी दिसला की आपण थबकतो, त्यात मनाचा भाग आहेच, पण डोळ्याची घडणही आहे.

पोपटी म्हटलं म्हणून पोपटाबद्दल दोन वाक्यं. पोपटाच्या पिसात हिरवा रंग भरलेला नसतो. पिसाच्या बारीक रचनेमुळं निळा प्रकाश परतून येतो, त्यावर पिवळ्या रंगद्रव्याचा थर असतो, आणि दोन्ही मिळून हिरवा होतो. रॉकेलचा दिवा आणि निळसर काच! ज्यानं पहिल्यांदा ती काच ओतली त्यानं पोपटाकडे पाहिलं नसेल, पण दोघं एकाच ठिकाणी पोचले.

आता गुऱ्हाळ. इथं मी वेळ घेणार आहे, कारण हिरव्याचं सोनं होताना हाताच्या अंतरावरून बघायचं असेल तर करवीर तालुक्यातलं गुऱ्हाळ हीच जागा. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली, तेव्हापासून हा व्यापार इथं वाढत आला.

चरकातून पडणारा रस नीट पाहिलाय का? आपण बर्फ-लिंबू घालून पितो आणि मोकळे होतो. ताजा रस करडा-हिरवा, गढूळ असतो. सालीतलं हरितद्रव्य, मेण, माती, सगळं त्यात उतरलेलं असतं. तो काहिलीत जातो. खाली चुलवाणात जळव्या चिपाडं सारत असतो. रस तापायला लागला की चुन्याची निवळी पडते आणि रानभेंडीच्या ठेचलेल्या खोडाचं बुळबुळीत पाणी घालतात. ते पाणी रसातला गाळ धरून वर आणतं. ही मळी. पहिली मळी पाहा, काळपट हिरवी, जाड, फेसाळ. झाऱ्यानं ती काढतात, पुन्हा येते, पुन्हा काढतात. माझ्या मते आख्ख्या गुऱ्हाळातला सगळ्यात सुंदर क्षण इथं आहे. मळी बाजूला सारली की खालून स्वच्छ रस दिसतो, आणि तो पिवळा असतो. हिरवा वर निघून गेला आणि सोनं खाली राहिलं. पुढं आटत जाताना साखर आणि उष्णता मिळून तो रंग आणखी गडद करतात.

एका गुळव्या मामांना मी विचारलं होतं, काहील उतरायची वेळ रंगावरून कळते का? ते म्हणाले, "मास्तर, रंग फसवतोय. बुडबुडा बघायचा, न्हाईतर गार पाण्यात थेंब टाकून गोळी हुतीय का बघायची." एकशे अठरा अंशांच्या आसपासचं तापमान हा माणूस बोटांनी ओळखत होता. मग आठ-दहा हात लागून काहील वाफ्यात, म्हणजे गूळ निववायच्या उथळ हौदात, ओतली. पातळ, लखलखीत गूळ पसरत गेला, आणि लाकडी हत्यारानं हलवता हलवता त्याची चकाकी गेली, रवाळपणा आला. मग फडकं घातलेल्या साच्यात भरून रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा.

आणि याच ठिकाणी मला मनातली एक कळकळ सांगायची आहे. बाजारात पिवळाधमक गूळ मागितला जातो. त्यापायी काही ठिकाणी हायड्रॉस नावाच्या रसायनाची पावडर टाकून गुळाचा रंग उजळतात. बिनरसायनाचा गूळ बहुतेक वेळा तांबूस, चॉकलेटी निघतो आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं. रंगावर प्रेम करणारा माणूस म्हणून मी हात जोडून सांगतो, गुळात झळझळीत पिवळा मागू नका. जमिनीनं, उसाच्या जातीनं आणि आचेनं जो रंग दिला, तो त्या गुळाचा खरा रंग. काहिलीत हरितद्रव्याचं जे होतं, ते घरी बघायचं तर मेथीची भाजी झाकण ठेवून शिजवा. भाजीतली आम्लं वाफेबरोबर बाहेर जात नाहीत, ती हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम काढून घेतात आणि भाजी शेवाळी पडते. माझ्या आईला रसायनशास्त्र येत नव्हतं, पण मेथीवर तिनं कधी झाकण ठेवलं नाही.

गुऱ्हाळं पेटलेली असतात त्याच दिवसांत अंबाबाईचा किरणोत्सव येतो. ९, १०, ११ नोव्हेंबर, आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येत येत पायांवर, मग वर, मग चेहऱ्यावर. या तारखा दोनदा का? २१-२२ डिसेंबरला सूर्य दक्षिणेच्या टोकाला असतो. त्याच्या साधारण सहा आठवडे अलीकडे आणि तितकेच पलीकडे तो क्षितिजावर त्याच जागी मावळतो. मावळतीचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो, वाटेत निळा विखरून जातो आणि उरतो तो सोनेरी. मंदिर बांधणाऱ्यांनी हे गणित आकाशाकडे बघून मांडलं होतं.

बायकांना यातलं बरंच आधीपासून ठाऊक आहे, असं मला नेहमी वाटतं. हिरव्या चुड्यात सोन्याच्या पाटल्या घालणं हा रंगाचा पक्का निर्णय आहे. कोल्हापुरी साजात एकवीस पानं असतात: दहा अवतार, अष्टमंगलाची आठ, एक माणकाचं, एक पाचूचं आणि शेवटी डोरलं. पाचूचं ते एक हिरवं पान झाकून साज बघा आणि मग बोट काढून बघा. सोनं स्वतः निळा प्रकाश शोषून घेतं म्हणून पिवळं दिसतं. शेजारी हिरवा आला की त्याची ऊब वाढते. आणि दसऱ्याला दसरा चौकात आपण जे सोनं लुटतो ते तर पानच, आपट्याचं. फक्त फांद्या ओरबाडू नका. दोन पानं पुरतात.

हिरव्या चाफ्याचं फूल कुणाच्या परसात असेल तर त्याच्यावर चार-पाच दिवस लक्ष ठेवा. उमलतं तेव्हा पानासारखंच हिरवं असतं, शोधून सापडत नाही, वासही जवळजवळ नाही. पिवळं पडायला लागलं की वास सुटतो, आणि मग अख्ख्या गल्लीला कळतं.

शेवटी हरियालबद्दल, कारण मघाशी एका मुलानं चिठ्ठी पाठवून विचारलंय, हिरवा आणि सोनेरी एकत्र कुठल्या पक्ष्यात दिसतो. आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल. हे हिरवं कबूतर. मान आणि छाती पिवळसर, पाठ शेवाळी, खांद्यावर जांभळट डाग, आणि पाय हळदीसारखे पिवळे. तो फळांवर जगतो, म्हणून वड, पिंपळ किंवा उंबर फळलेला असेल तिथं जायचं. पानात बसला की दहा पक्षी असून एक दिसत नाही. झाडाखाली थांबून फळं टपटप पडतात का ते ऐकायचं, आणि पडत असतील तर वर बघत राहायचं. थंडीत अगदी सकाळी मात्र थवा एखाद्या निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर ऊन खात बसतो, तेव्हा सगळे मोजता येतात. दुर्बीण नसली तरी चालेल. पाय पिवळे आहेत का तेवढं बघ, आणि कागद बरोबर ने.